एका गाण्याचे दोन सातबारे

ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक' सुरू झालं की पहिल्या काही सेकंदांतच व्हायोलिनचा एक तुकडा येतो. तार सप्तकातला, कानात सुईसारखा घुसणारा. हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो, कारण तो ओळखीचाच आहे. १९८१ च्या 'एक दूजे के लिए' या सिनेमातल्या 'तेरे मेरे बीच में' या गाण्यातून तो घेतलेला आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, शब्द आनंद बक्षींचे, आवाज लताबाईंचा आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा, आणि कथानक आपल्या गोव्यातलं. हे सांगणारा एखादा व्हिडिओ अधूनमधून फोनवर फिरत येतो आणि पाहणाऱ्याच्या मनात हमखास एक प्रश्न उभा राहतो: मग लताबाईंना याचे पैसे मिळाले का?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर समजण्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. 'टॉक्सिक' हे गाणं मुळात कुणाचं? ब्रिटनीचं, असं आपण सहज म्हणतो. पण तिनं ते लिहिलेलं नाही. लेखक म्हणून चार नावं लागतात. तिघं स्वीडनचे, आणि चौथी इंग्लंडमधल्या नॉर्विचची कॅथी डेनिस. ही कॅथी एकेकाळी स्वतः पॉपस्टार होती. १९९१ साली तिचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. पुढे तिनं स्वतःचे अल्बम काढणं थांबवलं आणि इतरांसाठी गाणी लिहायला बसली. आज तिची गाणी जगभर वाजतात आणि तिचं नाव मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

गाण्याच्या धंद्यातला पैसा कसा फिरतो हे समजून घ्यायचं, तर तिच्या कारकिर्दीसारखं दुसरं उदाहरण नाही.

आधी मुळाक्षरं

एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं एखादं विशिष्ट ध्वनिमुद्रण. या मूळ ध्वनिमुद्रणाला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. जमिनीचं उदाहरण घ्यायचं तर एकाच गाण्याचे दोन सातबारे निघतात आणि त्यांवर बहुतेक वेळा वेगवेगळी नावं असतात.

'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' घ्या. शब्द नामदेवांचे, शेकडो वर्षांपूर्वीचे. ते सगळ्यांचे आहेत, कुणाच्या परवानगीची गरज नाही. चाल राम फाटकांची. आणि भीमसेनजींच्या आवाजातलं ते ध्वनिमुद्रण ही आणखी निराळी चीज. तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळानं उद्या तोच अभंग त्याच चालीत रेकॉर्ड करून विकायला काढला, तर भीमसेनजींच्या ध्वनिमुद्रणाशी त्याचा काही संबंध येत नाही, पण राम फाटकांच्या चालीचा हक्क मध्ये येतो. आणि कुणी भीमसेनजींची मूळ तबकडीच एखाद्या सिनेमात वाजवली, तर त्याला दोन दारं ठोठवावी लागतात. एक चालीच्या मालकाचं, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं.

जुन्या गाण्याचा तुकडा नव्या गाण्यात वापरणं, म्हणजे सँपलिंग, यालाही हाच नियम. व्हायोलिनचा तो तुकडा उचलायचा तर तो ज्या तबकडीत आहे तिचा मालक एक, आणि ती सुरावट ज्यांची आहे तिचा मालक दुसरा.

मालमत्ता वापरल्याबद्दल दर वेळी जो मोबदला मिळतो ती रॉयल्टी. घर एकदा विकलं की पैसे एकदाच येतात, भाड्यानं दिलं की महिन्याच्या महिन्याला येत राहतात. रॉयल्टी हे भाडं आहे. ब्रिटनमध्ये हे भाडं गोळा करणाऱ्या संस्थाही दोन सातबाऱ्यांप्रमाणे वेगळ्या. रचनेचं भाडं पीआरएस ही संस्था गोळा करते, १९१४ पासून. ध्वनिमुद्रणाचं भाडं पीपीएल, १९३४ पासून. लंडनच्या एखाद्या केशकर्तनालयात रेडिओ लावलेला असला, तरी दोन्हींची परवानगी लागते.

तुमच्या फोनमधल्या संगीताच्या अ‍ॅपवर कुठलाही अल्बम उघडून अगदी तळाशी जा. तिथे बारीक अक्षरात वर्तुळातलं 'पी' दिसेल, पुढे वर्ष आणि पुढे एक नाव. ही ध्वनिमुद्रणाच्या मालकीची खूण. ते नाव क्वचितच गायिकेचं असतं, बहुधा कंपनीचं असतं. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. इतकी वर्षं मी समजत होते की ज्याचा आवाज त्याचं गाणं.

नॉर्विचची मुलगी

कॅथी डेनिसचा जन्म १९६९ चा. घरात गाणं होतं. वडील बँडमध्ये वाजवत आणि ती त्यांच्या बँडबरोबर गात मोठी झाली. १९८९ मध्ये डी मॉब या डान्स संगीताच्या प्रकल्पाच्या एका गाण्यात तिचा आवाज आला आणि तिथून गाडी सुटली. मॅनेजर होता सायमन फुलर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला अल्बम १९९० मध्ये आला. त्यातलं 'टच मी (ऑल नाइट लाँग)' अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. आता बघा, हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं मुळात तिचं नव्हतं. १९८४ चं एक अमेरिकन डान्स गाणं होतं ते. तिनं कडवी नव्यानं लिहिली, ध्रुवपद तेच राहिलं. म्हणजे तिच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गाण्याच्या रचनेत दुसऱ्यांचा मोठा हिस्सा होता. ज्या दिवशी ती टीव्हीवर नाचत होती, त्या दिवशी ज्यांनी ते गाणं पहिल्यांदा लिहिलं त्यांचं मीटरही चालू होतं.

नंतरचे अल्बम तितके चालले नाहीत. १९९७ मध्ये तिनं गायलेलं एक जुनं इंग्रजी गाणं ब्रिटनच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेलं, आणि मग गायिका म्हणून ती हळूहळू दिसेनाशी झाली. तिचं वय तेव्हा तिशीच्या आत होतं. पॉपच्या बाजारात गायिकेला या वयात 'जुनी' ठरवतात, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण लेखणीला वय विचारत नाहीत.

साडेतीन तासांचं काम

पुढची गोष्ट इंग्लंडच्या सरे परगण्यातली. रॉब डेव्हिस हा सत्तरच्या दशकातल्या मड या बँडचा गिटारवादक. त्याच्या घरच्या छोट्या स्टुडिओत कॅथी आली होती. त्यानं संगणकावर ढोलाचा एक ठेका लावला, मिनिटाला १२५ ठोक्यांचा, तोच तोच फिरत राहणारा. ती त्यावर गुणगुणायला लागली. शब्द नव्हते, नुसतं 'ला ला ला'. मग एक ओळ आली, डोक्यातून जात नाहीस अशा अर्थाची. साडेतीन तासांच्या आसपास गाण्याचा कच्चा नमुना, म्हणजे डेमो, तयार झाला होता. चार मोठी वाद्यंही नव्हती त्यात.

तो डेमो घेऊन दारोदार फिरणं झालं. एस क्लब सेव्हन या गटाकडून नकार आला. सोफी एलिस-बेक्स्टर हिच्याकडूनही नकार. मग तो ऑस्ट्रेलियाच्या कायली मिनोगपर्यंत पोचला आणि तिला तो वीसेक सेकंदांतच आवडला. २००१ च्या सप्टेंबरमध्ये 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' आलं आणि जवळजवळ चाळीस देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्या 'ला ला ला'कडे जरा थांबून पाहूया. त्याला भाषांतर लागत नाही. जपानमधला मुलगा आणि ब्राझीलमधली आजी ते सारखंच म्हणू शकतात. आपल्याकडे तराण्यात निरर्थक बोल वापरून जे साधतं, त्याच्या जवळ जाणारं हे आहे, असं म्हटलं तर शास्त्रीय संगीतवाले रागावतील कदाचित. पण अर्थाविना सूर मनात रुतवणं सोपं नसतं, हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक आहे.

त्यानंतर तिची लेखणी थांबली नाही. एस क्लब सेव्हनसाठी 'रीच' आणि 'नेव्हर हॅड अ ड्रीम कम ट्रू' ही गाणी २००० मध्येच येऊन गेली होती. २००३ मध्ये ब्रिटनीच्या अल्बममध्ये 'टॉक्सिक' आलं. तेही आधी कायलीकडे गेलं होतं आणि तिनं ते घेतलं नव्हतं. २००७ मध्ये शुगाबेब्जचं 'अबाउट यू नाऊ', २००८ मध्ये केटी पेरीचं 'आय किस्ड अ गर्ल'. सगळी सहलेखनातली. या सगळ्यांचे चेहरे वेगवेगळे, पण प्रत्येकाच्या रचनेच्या सातबाऱ्यावर एक नाव तेच.

शंभर रुपये कुठे जातात

आता हिशेब. समजा एखाद्या गाण्यानं स्ट्रीमिंग अ‍ॅपवर शंभर रुपये कमावले. ढोबळमानानं त्यातले ३० अ‍ॅपवाली कंपनी ठेवते, ५५ ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला जातात आणि १५ रचनेच्या.

५५ रुपये रेकॉर्ड कंपनीकडे जमा होतात. त्यातला कलाकाराचा हिस्सा करारावर अवलंबून. आजच्या करारांत तो साधारण पाव असतो, जुन्या करारांत आणखी कमी. म्हणजे गायिकेला तेराएक रुपये. १५ रुपयांतून आधी पब्लिशर आपला वाटा घेतो. पब्लिशर म्हणजे रचनेचा कारभारी, जो तिची नोंदणी करतो, वसुली करतो, तिला गिऱ्हाईक शोधतो. उरलेल्या बारा-तेरा रुपयांचे चार लेखकांत हिस्से पडले, तर एकेकाच्या हाती तीन रुपये.

मग लेखणी फायद्याची कशी? इथेच तर गायिकाच पुढे दिसते!

त्याचं पहिलं कारण असं की ते तेरा रुपये गायिकेच्या हातात लगेच पडत नाहीत. करार करताना रेकॉर्ड कंपनी तिला आगाऊ रक्कम देते. आपल्या ऊसतोड कामगारांना 'उचल' हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. ही तीच उचल. आधी पैसे हातात, मग कामातून फेड. ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि बहुधा व्हिडिओच्या खर्चाचा मोठा भागही तिच्या खात्यावर मांडला जातो. हे सगळं तिच्या त्या पाव हिश्शातून वळतं होईपर्यंत रॉयल्टीचा चेक येत नाही. गाणं यादीत वर आणि गायिका कंपनीच्या वहीत उणे, हे चित्र पॉपमध्ये नेहमीचं आहे. लेखकालाही पब्लिशरकडून उचल मिळते, पण तिच्यावर स्टुडिओचा आणि व्हिडिओचा खर्च चढत नाही.

दुसरं कारण रेडिओ. अमेरिकेतल्या एएम-एफएम रेडिओला गाणं वाजवल्याबद्दल रचनाकारांना पैसे द्यावे लागतात, पण गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला द्यावे लागत नाहीत. तिथला कायदाच तसा आहे. अमेरिकेच्या कुठल्याही गावातल्या स्टेशननं 'टॉक्सिक' वाजवलं, की त्या वाजवण्याचे पैसे कॅथी डेनिसकडे आणि तिच्या तीन साथीदारांकडे जातात, आणि ब्रिटनीला त्यातला एक सेंटही मिळत नाही. ब्रिटनमध्ये रेडिओ दोन्ही बाजूंना पैसे देतो. अमेरिका या बाबतीत जवळजवळ एकटी पडली आहे, आणि बाजार मात्र सगळ्यात मोठा तिचाच.

तिसरं कारण म्हणजे टीव्ही. सायमन फुलरनं 'पॉप आयडॉल' हा कार्यक्रम काढला, त्याचाच पुढे 'अमेरिकन आयडॉल' झाला. त्याच्या शीर्षकसंगीताच्या तीन रचनाकारांत कॅथी डेनिस आहे. २००२ पासून 'अमेरिकन आयडॉल'चा भाग प्रसारित झाला, शीर्षकसंगीत वाजलं, की रचनेची नोंद होते आणि पैसे निघतात. स्पर्धक येतात, जातात, परीक्षक बदलतात, पण ती धून राहते. याच कार्यक्रमाच्या भारतीय आवृत्तीनं २००५ मध्ये आपल्या मुंबईच्या अभिजीत सावंतला घराघरात पोचवलं होतं.

शेवटचं कारण साधं आहे. गायिकेची सगळी भिस्त एका गळ्यावर आणि एका चेहऱ्यावर असते. लेखिका एकाच वेळी दहा गळ्यांवर पैसे लावते. कायली चालली नाही तर केटी चालेल. शिवाय एकाच रचनेची पन्नास जणांनी पन्नास ध्वनिमुद्रणं केली, तर प्रत्येकातून रचनेला भाडं मिळतं. कायलीनं मैफिलीत गायलं तरी मिळतं, एखाद्या लग्नातल्या बँडनं वाजवलं तरी मिळायला हवं.

'पण गाणं चालतं ते आवाजामुळे!'

हा आक्षेप मला मनापासून पटतो. दोन मोठ्या नावांनी नाकारलेलं गाणं कायलीच्या आवाजात, तिच्या त्या थंड, थोड्या अलिप्त उच्चारात, जगभर गेलं. दुसऱ्या कुणी गायलं असतं तर असंच चाललं असतं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कायद्यालाही गायकाचं योगदान अमान्य नाही. ब्रिटनमध्ये रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजलं की पीपीएल जे पैसे वाटते, त्यातला कलाकारांचा हिस्सा थेट त्यांच्याकडे जातो. कंपनीची उचल त्यातून वळती होत नाही. आणि मैफिली, जाहिराती, टी-शर्टांची विक्री या सगळ्यात चेहऱ्याचा पैसा आहे, लेखिकेला त्यात फारसं स्थान नाही. स्टेडियमं भरणारी गायिका लेखिकेपेक्षा कितीतरी जास्त कमावते. फरक आहे तो टिकण्यात. चेहऱ्याचा पैसा चेहरा बाहेर पडतो तोवर येतो. रचनेचा हक्क ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, आणि लेखक अनेक असतील तर शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात.

मानाचा मामला मात्र उलटा आहे. 'टॉक्सिक'ला २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं ते उत्कृष्ट डान्स ध्वनिमुद्रणाचं. त्या आधीच्या वर्षी तेच ग्रॅमी कायलीच्या 'कम इन्टू माय वर्ल्ड'ला मिळालं होतं, आणि तेही डेनिस-डेव्हिस जोडीनंच लिहिलेलं. पण हा पुरस्कार नावाप्रमाणेच ध्वनिमुद्रणाचा. लेखकांचा मान ब्रिटनमध्ये आयव्हर नोव्हेलो पुरस्कारांत होतो, आणि ते कॅथीकडे बरेच आहेत.

'म्हणजे लेखकांची मजाच आहे की'

नाही हो. ही कथा जिंकलेल्या लेखिकेची आहे म्हणून तशी वाटते.

गीतकार स्टुडिओत दिवसभर बसतो, त्या दिवसाची मजुरी त्याला सहसा मिळत नाही. प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे त्याचेच. लिहिलेल्या शंभर गाण्यांपैकी पाच-दहा कुणीतरी रेकॉर्ड करतं, त्यातली काही अल्बममधून गळतात, आणि एखादंच रेडिओवर येतं. जे येत नाही त्याचा मोबदला शून्य. शेतकऱ्यानं पेरावं, राबावं, आणि पाऊस दुसऱ्याच्या हातात असावा, तसं हे आहे.

त्यात आणखी एक दुखणं. मोठा कलाकार गाणं घेतो आणि म्हणतो, लेखकांत माझंही नाव घाला, हिस्सा द्या. त्यानं एक शब्द बदललेला असतो, कधी तोही नाही. २०२१ च्या मार्चमध्ये गाजलेल्या गीतकारांच्या एका गटानं उघड पत्र काढून सांगितलं की ज्यांनी लिहिलं नाही त्यांना लेखनाचा हिस्सा यापुढे देणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं स्ट्रीमिंगच्या पैशाची सगळी मांडणी नव्यानं करा, असा अहवाल दिला. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी गीतलेखनाच्या बैठकांसाठी लेखकांना दिवसाचा भत्ता द्यायचं मान्य केलं. इतकी वर्षं तेवढंही नव्हतं, हे लक्षात घ्या.

अभिनयाची वाट

ब्रिटनमध्ये पॉप गायिकांचा दुसरा ओढा अभिनयाकडे आहे. तिथला हिशेब तिसऱ्याच जातीचा.

बिली पायपरचं पहिलं गाणं १९९८ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. काही वर्षांत ती गाण्यातून पूर्ण बाहेर पडली. २००५ मध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतली रोझ टायलर म्हणून लोकांनी तिला नव्यानं पाहिलं, आणि २०१७ मध्ये रंगभूमीवरचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑलिव्हिए पुरस्कार तिनं घेतला. लिली अ‍ॅलन २००६ मध्ये 'स्माइल' या गाण्यानं गाजली आणि २०२१ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात नाटकात उभी राहिली. पहिल्याच नाटकासाठी तिला ऑलिव्हिएचं नामांकन मिळालं.

अभिनयात उचल-फेडीचं लफडं नाही. काम केलं की मानधन. मालिका पुन्हा दाखवली तर कलाकारांच्या संघटनेनं ठरवून घेतलेल्या दरानं पुढचे पैसे. ब्रिटनमध्ये ही संघटना इक्विटी, १९३० पासूनची. पण भूमिका अभिनेत्रीच्या मालकीची नसते. निर्मात्यानं काम बंद केलं की संपलं.

याचा अनुभव केट नॅशला आला. हॅरोची ही मुलगी २००७ मध्ये 'फाउंडेशन्स' घेऊन आली. भांडणाऱ्या जोडप्याचं गाणं, लंडनच्या उपनगरी बोलीत, जणू शेजारच्या खोलीतून ऐकू यावं असं. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अल्बम पहिल्या. पाचेक वर्षांत रेकॉर्ड कंपनीनं तिला सोडलं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'ग्लो' मालिकेत कुस्तीगीर बाईची भूमिका मिळाली. तीन पर्वं झाली, चौथं मंजूर होऊन काम सुरू झालं, आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात मालिकाच रद्द झाली. २०२४ च्या अखेरीस तिनं दौऱ्याचा खर्च भागवण्यासाठी ओन्लीफॅन्स या वर्गणी भरून पाहायच्या संकेतस्थळावर स्वतःची छायाचित्रं विकायला काढली आणि ते लपवलं नाही. बस, कामगारांची मजुरी, राहणं, सगळं महागलं आहे, दौरे तोट्यात जातात, हे तिनं जाहीरपणे मांडलं. काहींनी नाकं मुरडली. मला त्यात लाज वाटण्यासारखं तिच्या बाजूनं काही दिसलं नाही. हजारो लोक तिकीट काढून येतात आणि तरी गाणारीला खिशातून भरावं लागतं, लाज असलीच तर ती त्या हिशेबाची आहे.

गळा आणि लेखणी एकाच माणसाकडे असेल तर?

रे या नावानं गाणाऱ्या लंडनच्या गायिकेची गोष्ट इथे सांगायला हवी. २०१४ मध्ये, सतराव्या वर्षी, तिनं मोठ्या कंपनीशी करार केला. सात वर्षं गेली, तिचा पूर्ण अल्बम आला नाही. या काळात ती दुसऱ्यांसाठी लिहीत होती, बियॉन्सेसाठीसुद्धा. म्हणजे तिची लेखणी जगभर फिरत होती आणि गळा कराराच्या कुलपात होता. २०२१ च्या जूनमध्ये तिनं हे समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं. काही आठवड्यांत कंपनीशी फारकत झाली.

मग तिनं स्वतंत्रपणे अल्बम काढला. २०२३ च्या जानेवारीत 'एस्केपिझम' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश संगीताच्या ब्रिट पुरस्कारांत तिनं एका रात्रीत सहा पुरस्कार घेतले, आजवरचा विक्रम, आणि त्यात वर्षातल्या सर्वोत्तम गीतकाराचाही होता. तेव्हापासून ती एकच मागणी लावून धरते आहे: गीतकारांना रचनेच्या जोडीला ध्वनिमुद्रणाच्या कमाईतलाही छोटा हिस्सा मिळावा. आता तुम्हाला दोन सातबारे माहीत आहेत, त्यामुळे ही मागणी किती मोठी आहे ते कळेल. पंधरा रुपयांवाल्याला पंचावन्न रुपयांच्या शेतात पाय ठेवू द्या, असं ती म्हणते आहे.

आणि लताबाई?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 'तेरे मेरे बीच में'चं ध्वनिमुद्रण झालं त्या काळात आपल्याकडे गायकाला त्याच्या गायनावर रॉयल्टी मागण्याचा कायदेशीर हक्कच नव्हता. रचनेचंही तेच दुखणं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की सिनेमासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. गीतकार आणि संगीतकार बहुतेक वेळा एकरकमी पैसे घेऊन मोकळे होत.

लताबाईंना हे फार आधी खटकलं होतं. गायकांना रॉयल्टी मिळालीच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. महंमद रफींचं मत वेगळं होतं: गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार संपला. साठच्या दशकात काही वर्षं हे दोघं एकत्र गायले नाहीत, त्यामागे हाच वाद होता. आपल्याकडे तो किस्सा रुसव्याफुगव्याचा म्हणून सांगतात. मला तो कधीच तसा वाटला नाही. एक भाडं मागत होती, दुसऱ्याला विक्री मान्य होती, आणि रफीसाहेबांच्या भूमिकेतही एक सरळपणा होता. पण या लेखात आत्तापर्यंत जे पाहिलं ते सगळं लताबाईंच्या बाजूनं साक्ष देतं.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी बोलले. आता सिनेमाचा गीतकार आणि संगीतकार चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला अर्धा वाटा करारानं सोडूनही देऊ शकत नाही. कंपनीनं सही घेतली तरी ती सही चालत नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ती गोळा करणारी त्यांची संस्था उभी राहिली. 'टॉक्सिक' त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीचं.

त्या गाण्याचे हक्क अजून बरीच वर्षं जिवंत आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, म्हणजे १९८१ चं ते ध्वनिमुद्रण २०४१ च्या अखेरीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं राहील. सुरावटीचं गणित निराळं. लक्ष्मीकांत १९९८ मध्ये गेले, पण जोडीनं केलेल्या संगीताची ६० वर्षं जोडीतल्या दोघांपैकी शेवटच्याच्या मृत्यूनंतर मोजायला लागतात. आणि त्या व्हायोलिनवर ज्या चौघांनी 'टॉक्सिक' रचलं, त्यांचा हक्क ब्रिटनमध्ये त्या चौघांतल्या शेवटच्या माणसानंतर आणखी ७० वर्षं चालेल.